घड्याळ-चिपच्या राखीव बॅटरीतील वाढीव प्रवाह : कारणशोध

मुख्य वीजपुरवठा बंद असताना डीएस १३०७ ही रिअल-टाइम क्लॉक चिप राखीव बॅटरीतून कमाल ५०० नॅनोअँपिअर प्रवाह घेते; चौरस-तरंग निर्गम चालू राहिल्यास ८००. प्रवाह याहून बराच अधिक आढळताच चिप सदोष ठरविणे घाईचे होय. सर्किट बोर्डवर उरलेल्या फ्लक्समुळे बॅटरी व भूमी यांदरम्यान १ मेगाओहमचा मार्ग निर्माण झाला, तरी ३ व्होल्टला ३ मायक्रोअँपिअर, म्हणजे त्या ५०० च्या सहापट, प्रवाह गळतो. गळती ५० मायक्रोअँपिअर असेल, तर २२० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सहा महिन्यांत संपते आणि प्रयोगनोंदींवरील वेळ अविश्वसनीय ठरते. मापनासाठी बॅटरीच्या मार्गात १० किलोओहमचा रोधक जोडावा. ५०० नॅनोअँपिअरला त्यावर ५ मिलिव्होल्ट दिसतात. चिप काढूनही मापन बदलले नाही, तर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा मोजावे.