शेकडा किती?

गेल्या दिवाळीत आजीकडे तुकईथडला गेलो होतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं आमचं हे गाव, जुन्या अकोला-खंडवा मीटरगेज लाईनवरचं. आजी ओट्यावर कापसातला कचरा वेचत बसली होती आणि माझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. क्रेडिट कार्डाचे 60,000 रुपये थकलेले. माझा चेहरा पाहून तिने विचारलं, "काय झालं?"

सांगावंसं वाटत नव्हतं. पण आजीपुढे थापा चालत नाहीत. सांगितलं. तिने एकच प्रश्न केला, "शेकडा किती?"

आमच्या भागात व्याज असंच मोजतात. शंभर रुपयांवर महिन्याला किती रुपये, तो शेकडा. मी बिल उघडून पाहिलं. वर्षाला 42 टक्के, म्हणजे महिन्याला साडेतीन.

"साडेतीन रुपये शेकडा?" आजीचा हात थांबला. "एवढं तं सावकारबी नाई घेत रे! इथं दोन रुपये म्हटलं तं लोकं नावं ठेवतात."

मी एम.कॉम. आहे. 42 टक्के हा आकडा मी आधीही वाचला होता, पण तो कधी बोचला नव्हता. साडेतीन रुपये शेकडा मात्र बोचला. मग कागद घेऊन बसलो. 60,000 वर महिन्याचं व्याज 2,100. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 378. मी दर महिन्याला 3,000 भरून निश्चिंत असायचो. त्यातले 2,478 व्याज आणि करातच जात होते, मुद्दल फिटत होतं 522 रुपयांनी! शिवाय मागची बाकी पूर्ण भरली नाही, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. किराणा आणला तरी त्याच दिवसापासून व्याज.

"तुझ्याजवळ काहीच नाई का?" आजीने विचारलं. होतं ना. 80,000 ची एफडी होती, 6 टक्क्यांची. ती मी 'अडीअडचणीसाठी' ठेवली होती आणि तिला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. सहाला बाराने भागलं. आठ आणे शेकडा.

आजी हसायलाच लागली. "घरात ज्वारीची कणगी भरलेली, अन् हा दिढीनं ज्वारी आणते!" दिढी म्हणजे पेरणीला एक पोतं उसनं घ्यायचं आणि सुगीला दीड परत करायचं. जुन्या लोकांनी ती भोगली आहे. आता सोसायटीचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर आमच्या मध्य प्रदेशात शून्य टक्क्याने मिळतं, म्हणून मुदतीची तारीख आजी कधी चुकवत नाही. पिशवीतल्या पासबुकावर तिचा अंगठा आहे, सही नाही.

एफडी मोडली. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कमी मिळालं, त्याचं वाईट वाटलं खरं. उरलेले पैसे बचत खात्यात पडून आहेत, आणि महिन्याचे ते 3,000 आता त्यातच टाकतो.

तेव्हापासून कोणताही दर दिसला की मी बाराने भागतो. चक्रवाढ धरली तर हा हिशोब थोडा ढोबळ आहे, पण निर्णयापुरता पुरतो. 9 टक्क्यांचं गृहकर्ज बारा आणे. 18 टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज दीड रुपया. तुमच्यापैकी कुणी हप्त्यावर फोन घेत असेल, तर प्रोसेसिंग फी आणि हुकलेली रोखीची सूटही त्यात धरा. 'बिनव्याजी' हप्त्याचा शेकडा बऱ्याचदा तिथे लपलेला असतो.

कार्ड मी अजून ठेवलं आहे. आजीला ते पटलेलं नाही. परवा फोनवर म्हणाली, "ते फेडलं ना? मंग खिशात काहून ठेवतं?" मी म्हटलं, रेल्वेचं तिकीट काढायला बरं पडतं. ती "हूं" म्हणाली आणि कापसाच्या भावावर बोलायला लागली.