घरीं आलेलें नवें पांखरूं आणि त्याचें दाणापाणी

पिंजऱ्यांतील राघू हा आपल्या जुन्या वाड्यांतून घरच्या माणसांतलाच एक गणला जात असे. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्या रानांतील पोपट धरणें, विकणें वा पाळणें निषिद्ध आहे. आणि ढोलींतून पिलें ओढून काढण्याचा निर्दय व्यापार ध्यानांत घेतां तें योग्यच आहे, असें आम्हांस वाटतें. आतां पुष्कळ घरीं दिसतो तो बजरीगर, म्हणजे ज्यास बाजारांत कित्येक जण ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो चिमुकला पोपट. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें तो 1840 सालीं जिवंत विलायतेस नेला, आणि तेव्हांपासून तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतच वाढत आला आहे.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील चिखला हें मँगनीजच्या खाणीचें गांव. अशा गांवीं हा पक्षी यावयाचा तो बहुधा शहरांतून, खोक्यांत कोंडून, मोटारीचे धक्के खात. आणि पुढें तो आजारी पडला तर पक्ष्यांचा जाणता डॉक्टर सहसा हाताशीं नसतो. त्यांत पक्ष्याची जात दुखणें लपविणारी. रानांत जो अशक्त दिसतो त्यावर शिकाऱ्याची झडप आधीं पडते. म्हणून अंगांत बळ आहे तोंवर तो आजार दाखवीतच नाहीं. पिसें फुलवून तो पिंजऱ्याच्या तळाशीं बसला, म्हणजे बहुधा पुष्कळ उशीर झालेला असतो. यास्तव तो किती खातो यावर पहिल्या दिवसापासून नजर ठेवणें, हीच त्याची खरी शुश्रूषा होय.

एकत्र कुटुंबांत येथेंच घोंटाळा होतो. पक्षी आला कीं मुलें भोंवतीं गोळा होतात. आजी शेवेचा दाणा देते, काकू पोळीचा तुकडा घालते, आणि कोणी हौसेनें हात आंत घालतो. सर्वांनीं दिलें, पण पक्ष्यानें खाल्लें किती, हें कोणासच ठाऊक नसतें! आमची सूचना अशी कीं, दाणापाणी एकाच व्यक्तीकडे सोंपवावें. पहिले तीनचार दिवस पिंजरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीस लावून, शांत खोलींत ठेवावा. बोलावें, पण हात लावूं नये. रात्रीं दहाबारा तास काळोख व निवांतपणा मिळावा. घरांत आधींचे पक्षी असल्यास नव्यास महिनाभर निराळें ठेवावें.

विकणाऱ्यास तो काय खात असे हें विचारून प्रथम तेंच द्यावें. थोडे दाणे पिंजऱ्याच्या तळाशींही पसरावे; भेदरलेला पक्षी नव्या वाटीपाशीं जाण्यास कचरतो, पण खालचें टिपतो. राळ्याचें कणीस सळयांस बांधून ठेविलें तर त्याचा मोह त्यास क्वचितच आवरतो. दिवसास एक ते दोन चहाचे चमचे दाणे पुरतात. मात्र तो दाणा सोलून खातो व टरफल वाटींतच टाकतो. वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी राहतो! म्हणून रोज फुंकर घालून टरफलें उडवावीं व खालीं काय उरलें तें पाहावें. विष्ठेकडेही लक्ष असावें. ती एकाएकीं कमी झाली तर पोटांत अन्न नाहीं असें समजावें. घरीं ग्रॅम दाखविणारा कांटा असल्यास आठवड्यास वजन करावें. तीसचाळीस ग्रॅमच्या जिवाला अहोरात्र उपवास सोसत नाहीं; तेवढा वेळ तो खाईना तर डॉक्टर गांठावाच.

पक्षी रुळल्यावर आहार वाढवावा. केवळ राळे-बाजरीवर ‘अ’ जीवनसत्त्व व चुना कमी पडतो. त्यासाठीं कोथिंबीर, पालक, किसलेलें गाजर थोडथोडें द्यावें आणि काष्ठौषधींच्या दुकानांतील समुद्रफेस पिंजऱ्यांत अडकवावा. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांस जाणवतच नाहीं. राघू ती मिटक्या मारीत खाई याचें रहस्य हेंच. परंतु चहा, चॉकलेट, कांदा, खारट व तळलेले पदार्थ वर्ज्य समजावे.

विलायतेंतील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. 1986 सालीं ती प्रथा बंद करण्याचें ठरलें. श्वास घेतांना व सोडतांनाही पक्ष्याच्या फुप्फुसांतून ताजी हवा वाहते, त्यामुळें विष त्याला माणसाआधीं बाधतें. खाणीच्या गांवींच काय, सर्वच गृहिणींनीं हें ध्यानांत ठेवावें. फोडणीचा धूर, उदबत्ती, आणि विशेषतः न चिकटणारा तवा अति तापल्यावर निघणारा वायू त्याच्या जिवावर बेततो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर हवा. वैदर्भीय उन्हाळ्यांत पारा 45 अंशांवर चढला म्हणजे पाणी दोनतीनदां बदलावें. चोंच उघडी टाकून व पंख विलग धरून तो धापा टाकूं लागला तर लागलीच थंडाव्यास न्यावा. बाहेर सोडण्यापूर्वीं छताचा पंखा बंद करावा.

एवढें पथ्य पाळल्यावर कांहीं आठवड्यांनीं तो हातावरचा दाणा टिपूं लागेल. तो विश्वास घाईनें मिळत नाहीं, आणि एकदां ओरबाडला तर सहसा परत येत नाहीं. मुलांना धीर शिकविण्यास याहून चांगला गुरु आम्हांस तरी ठाऊक नाहीं.