तरंगांना वाट, हवेला मज्जाव

पिपरी मेघेहून सायकलीने जाता येईल इतक्या अंतरावर सेवाग्राम आहे. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मुंबईच्या ‘समीर’ (स्थापना १९८४) या संस्थेने भारतातच बनविलेला रेषीय प्रवेगक बसविण्यात आला. कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरण सोडणारे हे यंत्र. त्यातील एका लहानशा खिडकीची ओळख आज करून घेऊ.

अशा यंत्रात सूक्ष्मतरंगांच्या जोरावर इलेक्ट्रॉनांना सुमारे ६० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. तरंगांची लांबी सुमारे १० सेंटीमीटर. ते तारेतून नव्हे, तर वेव्हगाइड नावाच्या पोकळ, चौकोनी धातुनळीतून येतात. इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आदळू नयेत म्हणून प्रवेगनलिकेत निर्वात हवा. उलट वेव्हगाइडमध्ये ठिणगी पडू नये म्हणून सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायू दाबाखाली भरतात. मग दोहोंमध्ये पडदा कशाचा घालणार? धातू तरंगांना परत फिरवील आणि प्लास्टिकमधून वायू हळूहळू झिरपेल. म्हणून ॲल्युमिना या चिनी मातीसारख्या पदार्थाची चकती तांब्याच्या कड्यात झाळून बसवितात. ८ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीवर नुसत्या वातावरणाचाच दाब सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतका पडतो!

पण ही खिडकी तरंगांना पूर्णपणे पारदर्शक नसते. ॲल्युमिनात तरंगांचा वेग जवळजवळ एक-तृतीयांश होतो आणि त्याच्या जाड ठोकळ्यावर तरंग पडले, तर पृष्ठभागावरून सुमारे चतुर्थांश शक्ती मागे फिरेल. यावर उपाय सुंदर आहे. चकतीच्या दोन्ही बाजूंना योग्य लांबीचे गोल कप्पे ठेवले, की निरनिराळे परावर्तित तरंग एकमेकांना खोडून काढतात.

खरा शत्रू निर्वाताच्या बाजूला असतो. एखादा चुकार इलेक्ट्रॉन चकतीवर आदळला, की तेथून एकाहून अधिक इलेक्ट्रॉन उडतात. तेही पुन्हा आदळतात. पाहता पाहता त्यांचा लोंढा होतो, चकती तापते. म्हणून त्या बाजूवर टायटॅनियम नायट्राइडचा अतिशय पातळ थर देतात. त्यातून नवे इलेक्ट्रॉन कमी सुटतात.

समजा, २५ लक्ष वॉटचा एक स्पंद ४ मायक्रोसेकंद टिकतो व सेकंदाला असे २०० स्पंद येतात. गुणाकार करा: सरासरी शक्ती २,००० वॉट, म्हणजे विजेच्या शेगडीएवढी! यातील शतांश भाग जरी चकतीत मुरला, तरी मधला भाग तापून फुगतो, थंड कडा मात्र जागच्या जागी राहते. या ताणाने तडा गेला, तर वायू आत शिरतो, निर्वात नाहीसा होतो आणि चकती बदलून नलिका पुन्हा निर्वात होईपर्यंत रांगेतल्या रुग्णांचे उपचार थांबतात.