पैसे यायला पिन कशाला?

जुना सोफा विकायची जाहिरात टाकली, की थोड्याच वेळात फोन येतो. ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय. सोफा न बघताच घेतो.’ घासाघीस नाही. इथेच कान टवकारावेत. जुन्या वस्तूला न बघता पूर्ण भाव देणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. मग विश्वास बसावा म्हणून तो पाच-दहा रुपये खरोखर पाठवतो आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड: ‘स्कॅन करा, पिन टाका, आठ हजार जमा होतील.’

त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात असतं काय? पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, नाव आणि कधी कधी रक्कम. भाजीच्या गाडीवर लटकतो तोच प्रकार. म्हणजे स्कॅन करणारा देणारा असतो, घेणारा नव्हे. आणि पिन ही चेकवरची सही. पैसे घेणाऱ्याला ती करावीच लागत नाही.

‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ म्हणत पैसे जमा झाल्याचा बनावट एसएमएसही पाठवतात. शिल्लक बँकेच्या अ‍ॅपमध्येच बघावी.

पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगली, की गोठवणं अवघड होतं.