शंभरचा प्लॅन, तरीही चित्र का गोठतं?

घरातलं इंटरनेट संथ झालं की आपल्याकडे दोन उपाय होतात. राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, नाहीतर केबलवाल्याला फोन करून मोठा प्लॅन घ्यायचा. पहिल्याचा गुण येतो, पण बहुतेक वेळा तासा-दोन तासांपुरता. दुसरा मात्र अनेकदा निदानाआधीच सुरू केलेल्या महागड्या औषधासारखा असतो. पन्नासचे शंभर झाले, शंभरचे दोनशे झाले, आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड अजूनही उघडंच राहतं.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं वाटू शकेल. पण करोनाकाळापासून डॉक्टरांचा सल्ला व्हिडिओवर घेण्याची सवय अनेक घरांना लागली आहे. सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवाही याच मार्गाने चालते. दम लागतोय का, पायावरची सूज कालच्यापेक्षा वाढली का, बोलताना वाक्य तुटतंय का, हे डॉक्टर पडद्यावर पाहून ठरवतात. अशा वेळी आवाज दोन सेकंद मागे पडला तर रुग्ण ‘हो’ नेमकं कुठल्या प्रश्नाला म्हणाला, हेच कळत नाही. गंमत म्हणजे अशा कॉलला दोन-चार एमबीपीएसपेक्षा जास्त वेग लागत नाही. म्हणजे शंभरचा प्लॅन असताना कॉल अडकत असेल, तर दुखणं वेगाच्या आकड्यात नाही, दुसरीकडे आहे.

आधी आपल्या घरात नेमकं काय आलं आहे ते पाहा. मोडेमच्या मागे टीव्हीसारखी जाड, गोल, मधे तांब्याची सुई असलेली आणि फिरवून घट्ट बसवायची वायर असेल, तर ते केबल इंटरनेट. बारीक, खट्‌कन बसणारी वायर असेल तर फायबर. पुढचं बरंचसं विवेचन केबल मोडेमसाठी आहे. वायफायचा आणि रांगेचा भाग मात्र सगळ्यांनाच लागू पडतो.

निदानाची पहिली पायरी फुकटची आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट जोडा, बाकीची उपकरणं बंद करा आणि वेग मोजा. वायरवर पूर्ण वेग मिळतो आणि वायफायवर मिळत नाही, तर केबलवाल्याचा काही दोष नाही. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाशेजारी किंवा किचनच्या भिंतीला चिकटून ठेवलेला असतो, त्याला उघड्यावर, उंच जागी आणा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. इमारतीतले सगळे राउटर त्या तिघांतच दाटीवाटीने बसतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर नेला की बराच फरक पडतो, मात्र भिंती ओलांडताना ते लवकर थकतं. (आणि हो, १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल उतरवताना सेकंदाला १२ मेगाबाइट दिसले तर ती फसवणूक नव्हे. आठ बिट म्हणजे एक बाइट, इतकाच तो हिशेब.)

वायरवरही वेग मिळत नसेल, तर मात्र त्या काळ्या वायरचा माग काढावा लागतो.

केबल मोडेम हे खरं तर रेडिओचंच यंत्र आहे. हवेऐवजी तांब्याच्या वायरीतून ते लहरी पाठवतं आणि ऐकतं. त्याची भाषा ठरवणारं ‘डॉक्सिस’ नावाचं प्रमाण १९९७मध्ये आलं, आणि ते बसवलं गेलं टीव्हीसाठी टाकलेल्या जाळ्यावर. टीव्हीचा प्रवास एकतर्फी, कंपनीकडून घराकडे. इंटरनेटला परतीचा रस्ताही लागतो. तो खालच्या फ्रिक्वेन्सीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात काढला गेला, साधारण ५ ते ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान. म्हणून केबलवर डाउनलोड भरपूर आणि अपलोड बेताचं असतं. व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज जातो तो याच बेताच्या रस्त्याने.

या रस्त्याची आणखी एक अडचण आहे. मोटारी, मिक्सर, सैल जोडण्या, लघुलहरी रेडिओ यांचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात जास्त असतो. आणि एका नोडवरच्या सगळ्या घरांचा गोंगाट वर जाताना एकत्र होतो, ओढे मिळून नाला व्हावा तसा. शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्ही काढून टाकला आणि वायरचं टोक तसंच उघडं लोंबकळत ठेवलं, तर ते टोक अँटेनासारखं काम करतं आणि त्याचा त्रास तुमच्या अपलोडला होऊ शकतो. अशा टोकावर ७५ ओहमचं छोटं टोपण बसवायचं असतं. किंमत किरकोळ, पण बसवलेलं क्वचितच दिसतं.

घरातला मोठा गुन्हेगार म्हणजे स्प्लिटर. हॉलमध्ये टीव्ही, बेडरूममध्ये टीव्ही, मग मोडेम, आणि प्रत्येक वेळी वायरीला नवा फाटा. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल जातात, म्हणजे अर्ध्याहूनही कमी शक्ती पुढे पोचते. चार तोंडांच्यात सुमारे सात डेसिबल, म्हणजे उरतो पाचवा हिस्सा. असे दोन एकापाठोपाठ आले की मोडेमपर्यंत कुजबुज पोचते. उपाय साधा आहे. वायर घरात शिरते तिथे एकच दोन तोंडांचा स्प्लिटर लावायचा, एक तोंड थेट मोडेमला, दुसऱ्यावर सगळे टीव्ही. चित्र सुधारावं म्हणून कुणी जुना बूस्टर बसवला असेल तर तो आधी काढा. टीव्हीसाठीचे बरेच बूस्टर एकाच दिशेने चालतात आणि परतीचा रस्ताच बंद करतात.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. गच्चीवरून, झाडावरून आलेल्या वायरीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, तांबं हिरवट पडतं. पाऊस आला की नेट जातं आणि ऊन पडलं की येतं, हा अनुभव असेल तर राउटर बदलण्यात अर्थ नाही.

हे सगळं अंदाजाने ठरवायची गरज नसते. बऱ्याच मोडेमचं स्वतःचं एक पान असतं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की ते उघडतं. काही कंपन्या ते बंद ठेवतात. मग तंत्रज्ञाला दाखवायला सांगा. रक्ताच्या रिपोर्टसारखेच तिथे आकडे असतात. खाली येणाऱ्या सिग्नलची शक्ती उणे ७ ते अधिक ७ च्या आत असली की उत्तम. सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ३३ डेसिबल किंवा त्याहून जास्त हवं. पण सर्वांत बोलका आकडा म्हणजे वर पाठवण्याची शक्ती. तो ३५ ते ४८च्या आसपास असावा. पन्नाशी ओलांडली की समजावं, मोडेम घसा फोडून ओरडतोय. पलीकडचं यंत्र त्याला ‘ऐकू येत नाही, आवाज वाढव’ असं सांगत राहतं आणि तो वाढवत जातो. म्हणजे वाटेत कुठेतरी सिग्नल गळतोय.

हे सारं नीट असूनही कॉल अडकतो, तेव्हा दुखणं वेगळंच असतं. ते ओळखलं जिम गेटिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने, २०१०मध्ये, स्वतःच्या घरच्या केबल जोडणीवर. मोठ्या फायली ऑफिसला पाठवताना घरातलं बाकी सगळं इंटरनेट गोगलगाय होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मोजलं तर एरवी काही मिलिसेकंदांत येणारं उत्तर एका सेकंदाहून उशिरा येत होतं. वेगाच्या चाचणीत मात्र सगळं उत्तम.

कारण होतं रांग. मोडेममध्ये वर जाणारी माहिती थोडा वेळ थांबवायला स्मृती असते. स्मृती स्वस्त झाली आणि उत्पादकांनी ती सढळ हाताने भरली. पाठवणारा संगणक वेग कमी करतो तो माहितीचं एखादं पाकीट हरवल्यावर. ही शिस्त व्हॅन जेकबसन यांनी १९८०च्या दशकात घालून दिली. १९८६मध्ये बर्कलीतल्या दोन ठिकाणांमधली जोडणी सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळली होती, अंतर जेमतेम चारशे यार्ड, त्यातून हा धडा मिळाला. पण प्रतीक्षागृह इतकं मोठं केलं की पाकीट हरवतच नाही, तर पाठवणाऱ्याला गर्दी कळतच नाही. दवाखान्यात डॉक्टर तासाला दहाच रुग्ण तपासतात आणि बाहेर पाचशे खुर्च्या मांडल्या, तसं हे झालं. तपासणी वेगाने होत नाही, फक्त रांग लांबते. २५६ किलोबाइटची रांग १ एमबीपीएसच्या अपलोडवर रिकामी व्हायला दोन सेकंद लागतात. फोनवरच्या बोलण्यात एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सुचवतो.

आपल्या घरी ही रांग कोण लावतं? बहुधा खिशातला फोन. लग्नाचे चारशे फोटो आणि व्हिडिओ तो गुपचूप क्लाउडवर चढवत असतो. फास्ट डॉट कॉमवर वेग मोजून ‘अधिक माहिती’ उघडली की रिकाम्या आणि भरलेल्या जोडणीचा विलंब वेगवेगळा दिसतो. रिकामी असताना २० आणि भरल्यावर ६०० दिसले, तर रोग सापडला. बॅकअप रात्री उशिराच्या वेळेवर टाका. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ची सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा, थोडा वेग जातो, पण रांग मोडेमऐवजी राउटरच्या ताब्यात येते. डॉक्सिस ३.१च्या मोडेममध्ये अपलोडची रांग आवरण्याची व्यवस्था मुळातच आहे.

एक शक्यता उरते. सकाळी सहाला वायरवर पूर्ण वेग आणि रात्री नऊला निम्मा. याचा अर्थ नोडवर घरं जास्त आणि क्षमता कमी. इथे तुमच्या हातात फक्त नोंद ठेवणं आहे. आठवडाभर सकाळ-रात्रीचे आकडे लिहा, कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या, आणि उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. दूरसंचार नियामकाच्या नियमांत या दोन पायऱ्या आहेत.

तंत्रज्ञ घरी येईल तेव्हा त्याला एवढंच विचारा, ‘वर जाणारी पातळी आत्ता किती आहे?’ काम झाल्यावर पुन्हा विचारा. ५२चे ४४ झाले, तर त्याला चहा द्या. नवा राउटर लावूनही ५२च राहिले, तर त्याला गच्चीवरचे कनेक्टर पाहायला पाठवा.