प्रवासी चित्रकार व ध्रुवाकडील घरे

‘ध्रुवप्रदेशातील लोक बर्फाच्या घरात राहतात’ हे वाक्य वर्गात सहज उच्चारले जाते. परंतु ते सर्वांना लागू नाही. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत जॉन वेबर हा चित्रकार होता. इ. स. १७७८ च्या ऑगस्टमध्ये सैबेरियाच्या ईशान्य किनाऱ्यावर त्याने चुकची लोकांची उन्हाळी व हिवाळी अशी दोन्ही घरे रेखाटली. पुढे उनलास्का बेटावर त्याने अर्धे जमिनीत खणलेले, गवतमातीने आच्छादलेले घर आतून चित्रित केले. त्यात छपरातील भोकातून शिडीने उतरावे लागे. यांत बर्फाचे घर कोठेही नाही. ते कॅनडा व ग्रीनलंडमधील काही इन्युइट समूहांचे हिवाळ्यापुरते निवासस्थान होते.

तथापि ही चित्रेही पारखूनच वाचावीत. चुकची किनाऱ्यावर कुक अवघे दोन-तीन तास थांबला होता. शिवाय १७८४ साली ग्रंथात छापलेली चित्रे, ते लोक कधी न पाहिलेल्या खोदकाम-कारागिरांच्या हातून उतरलेली होती.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी चित्र दाखविताना मुलांना तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी काढले? कोणत्या ऋतूत? तेथे किती काळ राहून? दूरच्या माणसांविषयी बालपणी रुजलेला चुकीचा समज पुढे सहसा सुटत नाही.