सातबाऱ्यावर घरधनीणही हवी

परळी वैजनाथच्या पंचक्रोशीत कापूस वेचायला, सोयाबीन काढायला, ज्वारी खुडायला बाईच पुढे असते. मात्र मुकादम उचल द्यायला आला, की बोलणी ओसरीवर पुरुषांत होतात. ती आत चुलीपाशी. कोयता म्हणजे तर नवरा-बायको दोघे! उचल फेडण्यासाठी तिलाही भल्या पहाटेपासून मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या. मग उचल किती घ्यायची, कशासाठी घ्यायची, पोरांना कुणाजवळ ठेवायचे, हे तिला विचारायला नको?

जमिनीचेही तसेच. 1986 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला गावोगावच्या बाया प्रचंड संख्येने जमल्या. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली : घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा. कित्येक गावांनी ती मनावर घेतली. 1992 मध्ये सरकारनेही परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला, तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय झाली.

काही जण म्हणतात, ‘नाव लावले की बाई डोक्यावर बसेल.’ अहो, मोळी तर तिच्याच डोक्यावर आहे! उलट अडीनडीला रान गहाण टाकायची वेळ आली, तर तिच्या हिश्श्यासाठी तिची सही लागेल. घाईत झालेला सौदा तिथेच अडेल.

तेव्हा कोयते बाहेर पडण्याआधी, दसऱ्याच्या अलीकडेच, दोघांनी मिळून तहसील कचेरी गाठा. सातबाऱ्याचा उतारा सोबत न्या आणि अर्ज कसा करायचा ते तिथे तिलाच विचारू द्या.